तिसऱ्या सिलिंडरचा संशय

आमच्या दादाचा पिंडच संशयी. दूधवाला आला की तो दुधाकडे नाही, दूधवाल्याच्या तोंडाकडे बघतो. दाराचं कुलूप ओढून बघतो, फाटकापर्यंत जातो आणि परत येऊन पुन्हा ओढतो. वहिनीने आज बरं वाटतंय म्हटलं, की तिला जीभ दाखवायला लावतो. आणि गॅरेजात तर विचारूच नका. दुसऱ्या कुणी आवळलेला नट तो सैल करतो, स्वतः पुन्हा आवळतो आणि वर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका देतो. ठिपक्याला तडा गेला, म्हणजे मागाहून कुणीतरी हात घातला.

मी त्याची धाकटी बहीण. गॅरेजातलं सुट्या भागांचं काउंटर मी सांभाळते, म्हणजे हा सगळा छळ मी पगार घेऊन सोसते. माझी भाची, दादाची एकुलती एक लेक, त्याच्या शेजारी उभी राहून सगळं काम शिकली. दादाची ठिपक्याची सवयही तिने उचलली. पण तिने आवळलेला एकही नट दादाने आजवर तसाच राहू दिला नव्हता. ती नुसती ओठ चावायची.

तर या भाचीचं लग्न. तिने स्वतःच पसंत केलेला मुलगा चष्म्याचं दुकान चालवायचा. दादाने त्याचं नावच चष्मेवाला ठेवलं. घरचे लोक, शिक्षण, दुकान यातलं काहीही दादाने विचारलं नाही. "त्याला गाडी घेऊन यायला सांग. गाडी बघून सांगतो," एवढंच म्हणाला. आम्ही समजायचं ते समजलो. याआधीचं एक स्थळ त्याने मोडलं होतं, कारण त्या मुलाने फक्त पुढचे टायर नवे घातले होते. "दिसतं तेवढंच नीट ठेवणारा," म्हणाला, आणि विषय संपवला.

चष्मेवाल्याची गाडी चांगलीच म्हातारी होती. ती फाटकातून आत आली, आणि दादाने मान तिरकी केली.

"आवाज नाही," तो माझ्या कानाशी म्हणाला.

मी म्हटलं, मग चांगलंच आहे की.

"या वयाच्या इंजिनाची थोडी टकटक हवीच. ही गप्प का आहे?"

गाडी उभी राहिली आणि इंजिन जागच्या जागी हुडहुडी भरल्यासारखं हलायला लागलं. दादाचे डोळे बारीक झाले. आता या पोराचं काही खरं नाही, हे मी ओळखलं. भाची नळाशी हात धूत होती. ते हात केव्हाच धुऊन झाले होते.

दादाने विचारलं, इंजिन कधी उघडलं होतं का. चष्मेवाला म्हणाला, नाही. जरा जास्तच पटकन म्हणाला.

मग दादाने चारही प्लग काढले आणि एकेका भोकात कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, मोजायचं गेज बसवलं. मी आत बसून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि चावी फिरवायची. पहिला सिलिंडर ठीक, दुसरा ठीक, चौथाही त्यांच्याच बरोबरीचा. तिसऱ्याचा काटा मात्र अर्ध्यावरच अडकला. दादाने आधी गेजवर संशय घेतला आणि पहिल्या सिलिंडरवर ते पुन्हा लावून पाहिलं. मग बॅटरीवर घेतला आणि दुसरी जोडली. मग माझ्या पायावर घेतला. पाय नीट दाबतेस ना, असं विचारलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण भाचीकडे बघून पाय आणखी दाबला.

तिसऱ्यात त्याने थोडं ऑइल सोडलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर ऑइलने फट भरून काटा वर चढला असता. काटा ढिम्म. म्हणजे हवा खालून नाही, वरून, व्हॉल्व्हमधून जात होती. दादा म्हणाला, इंजिन गार होऊ दे, मग वरचं कव्हर काढतो. तो वेळ कुणाचाच जाता जाईना. मी चहा केला, चष्मेवाल्याने तो हातात धरून थंड केला. भाचीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. दादा वहिनीला दवाखान्यात घेऊन गेला होता ती दुपार मला आठवली. मी काउंटरवर पेंगत होते आणि गॅरेजच्या मागच्या बाजूला कुठलीशी गाडी आली होती.

कव्हर निघालं. मी वाकून पाहिलं. व्हॉल्व्हच्या फटी ठरवणाऱ्या प्रत्येक नटावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. तोच आकार, तीच जागा, फक्त रंग वेगळा. दादाने फट मोजायच्या फिलर गेजची पातळ पत्ती तिसऱ्याच्या फटीत घालून पाहिली. ती शिरेना. फट कमी केली की टकटक बंद होते; इथे सगळ्याच फटी कमी ठेवल्या होत्या, पण ही इतकी, की इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नव्हता. आणखी काही दिवस गाडी अशीच पळाली असती, तर व्हॉल्व्ह जळाला असता.

दादा ठिपक्यांकडे बघत राहिला. मग चष्मेवाल्याकडे वळला.

"कुणी उघडलं होतं?"

"मी," चष्मेवाला म्हणाला. "आवाज नको होता म्हणून."

दादाने ती पत्ती त्याच्या हातात दिली. कशी लावलीत ते दाखवा, म्हणाला. बिचाऱ्याने ती चष्म्याच्या काचेसारखी दोन बोटांत धरली आणि उजेडाकडे करून पाहिली. मला हसूही आलं आणि त्याची कीवही आली.

"बाबा, पुरे," भाची म्हणाली. हात पुसत ती पुढे आली. "मी केलं. तुम्ही फाटकातूनच आवाज ऐकणार, हे मला माहीत होतं."

"कव्हर काढलं तेव्हाच कळलं मला."

"मग त्यांना का छळलंत?"

दादाने पत्ती चष्मेवाल्याच्या हातातून घेतली आणि लेकीला दिली. ती वाकली, एकेक फट मोजून नट आवळत गेली. मी पुन्हा गाडीत जाऊन बसले. काम झाल्यावर तिने खिशातून लाल बाटली काढली आणि ठिपके दिले. पुन्हा गेज लावलं, मी पाय दाबला. तिसऱ्याचा काटा इतरांच्या बरोबरीला येऊन थांबला.

सवयीने दादाने पाना उचलला. दुसऱ्या हातात त्याची पांढरी बाटली होतीच. तो पहिल्या नटावर वाकला आणि तसाच थांबला. भाचीने ओठ चावला.

मग त्याने पाना खाली ठेवला, बाटलीचं झाकण घट्ट केलं आणि एकाही नटाला हात न लावता कव्हर बसवलं. चष्मेवाल्याला म्हणाला, "आता टकटक करेल. करू द्या. गप्प झाली की हिला सांगा."

भाची तोंड फिरवून पुन्हा नळाशी गेली. माझेही डोळे भरून आले, आणि पहिल्यांदाच मला दादाचा संशय आला. त्या संध्याकाळी गॅरेजचं कुलूप मीच दोनदा ओढून पाहिलं. तो मात्र कुलपाला हात न लावताच फाटकातून बाहेर पडला होता.