कलबूतवाल्याची कालची संध्याकाळ

ज्या लाकडी पावलावर कातडं ताणून बूट शिवतात, त्याला कलबूत म्हणतात. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, अशा माणसांची कलबुतं घडवणं हा या कलबूतवाल्याचा धंदा. दुपारी काचेतून ऊन आलं, की फळीवरची सगळी पावलं कुठंतरी निघाल्यासारखी दिसत, आणि हातातली कानस तशीच धरून तो बघत बसे. बायको म्हणायची, "यांचं शरीर दुकानात असतं, बाकीचे कुठं असतात ते विचारू नका."

लाकूड कोरणारं यंत्र जुनं, पण ठणठणीत. त्याचा प्रोग्राम मात्र जुन्या सिस्टिमवरच चालायचा. म्हणून मेहुणीनं, ती इस्पितळातले संगणक सांभाळायची, नव्या संगणकात एक सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. त्याच्या खिडकीत अख्खा जुना संगणक जागा व्हायचा. नव्याच्या पोटात जुना, हे त्याला फार आवडलं होतं. सॉफ्टवेअर अधूनमधून नवी आवृत्ती घ्या म्हणायचं. चालत्या गाडीला खीळ कशाला, म्हणून तो 'नंतर' दाबायचा.

एके सकाळी खिडकी उघडेचना. नव्या संगणकानं रात्रीत स्वतःचीच नवी आवृत्ती चढवली होती, आणि आता त्याला हे जुनं सॉफ्टवेअर चालत नव्हतं. टपाल वाटणाऱ्या बाईंचं कलबूत अर्धवट राहिलेलं. त्यांचा डावा पाय दोन बोटं आखूड होता, आणि जुन्या बुटाचा तळ फाटला होता.

मेहुणी आली. "भाऊजी, आधी आतल्या संगणकाची पूर्ण प्रत काढून ठेवते. फिसकटलं, तर तिच्यावरून परत उभा करू."

"आतल्याला काही होणार नाही ना?"

"तो काल संध्याकाळपासून झोपलाय. त्याला कळणारही नाही."

प्रत निघाली, नवी आवृत्ती चढली. पडदा काळा झाला, बराच वेळ काळाच राहिला. मग हळूहळू उजळला. आत कालची संध्याकाळ होती. घड्याळात कालचीच वेळ, आणि बाईंच्या पावलाचं चित्र जिथं थांबलं होतं तिथंच, अर्धं वळलेलं. कालचा दिवस कुणीतरी जपून ठेवावा, तसं त्याला वाटलं. तेवढ्यात घड्याळानं उडी मारली आणि आज झाला.

यंत्र मात्र हलेना.

"आतल्याला बाहेरची वायर दिसत नाहीये," मेहुणी म्हणाली. "नव्या आवृत्तीत ती त्याच्याकडे मुद्दाम सोपवावी लागते." तिनं सेटिंगमध्ये शोधून एक खूण केली. यंत्र गुरगुरलं आणि लाकडाचा भुसा उन्हात तरंगू लागला. मेहुणी चहा मागत होती, पण त्याला ते ऐकूच गेलं नाही.

पुढच्या आठवड्यात बाई नवे बूट घालून दुकानात इकडून तिकडे चालल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "हा पाय इतकी वर्षं माझ्या मागून यायचा. आता बरोबर येतोय."

नुसती मान हलवून तो त्यांना गल्लीच्या वळणापर्यंत बघत राहिला.