घात आली का?

गुरुजी पुण्याकडचे. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा ते गोंडपिपरीकडच्या आमच्या शाळेत हंगामी म्हणून आले. छडी वापरत नसत, म्हणून आम्हांला ते फार आवडायचे आणि म्हणूनच आम्ही त्यांना छळायचो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. वर्गात मुली दोनच, त्यातली दुसरी अगदी गरीब गाय.

घातांकाची समीकरणं सुरू झाली त्या दिवशी ते म्हणाले, "दोन्ही बाजूंचा पाया सारखा करा. पाया सारखा झाला की घात सारखा."

मी लगेच उभी. "सारखा कसा राहीन जी? आमच्या वावरात कालच घात आली. मोठ्या बाबाच्या वावरात अजून नाई आली."

वर्ग खदखदला. गुरुजींना घात माहीत होता तो गणितातला, नाहीतर विश्वासघातातला. पाऊस उघडून जमीन नांगराजोगी झाली की आमच्याकडे 'घात आली' म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार? दुसऱ्या कुणी मला बाकावर उभं केलं असतं. यांनी अर्थ विचारून घेतला आणि तो शब्दच उचलला. पाया सारखा झाला की विचारायचे, "घात आली का?" आम्ही कौलं उडतील असं ओरडायचो, "आली जी!" मगच पाया सोडून नुसते घातांक मांडायचे.

हिवाळ्यात दिपोटीसाहेब तपासणीला आले. त्यांचा शेरा चांगला आला तर गुरुजी कायम होणार, नाहीतर गाशा गुंडाळणार. साहेबांनी फळ्यावर लिहिलं: चाराचा क्ष घात बरोबर आठ. खडू नेमका माझ्या हातात दिला. मी चाराच्या जागी दोनाचा वर्ग लिहिला, आठाच्या जागी दोनाचा घन. गुरुजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "घात आली का?"

"आली जी!"

साहेब दचकले. "हा काय चावटपणा?"

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. मला रडूच यायचं बाकी होतं. थट्टा माझी आणि भोगणार ते. मग मीच तोंड उघडलं.

"साहेब, ओल्या वावरात नांगर घातला त ढेकळं निंगतात. वाळल्यावर फाळ टेकत नाई. मधात घात येते. इथी पाया येगळा होता तवरी घात नवती. आता दोन्हीकडं दोन आहे. म्हून दोन क्ष बरोबर तीन. क्ष दीड."

"दीड? चार दुणे आठ. दोन नाही का?"

जीभ माझ्या ताब्यात कधीच राहिली नाही. "साहेब, तुमी घात येयाच्या आंधीच नांगर घातला."

साहेबांनी खडू घेऊन माझ्या उत्तराचा ताळा केला. चाराचं वर्गमूळ दोन, चार गुणिले दोन, आठ. बोटं झटकली आणि कचेरीत गेले. ते चुकले होते की मला फसवून बघत होते, देव जाणे. चुकलेच, असं मी धरून चालते.

शाळा सुटायच्या आधी गुरुजी शेऱ्याची वही घेऊन वर्गात आले. खिडकीशी उभे राहून मनातल्या मनात वाचू लागले. मी मागून डोकावले. तीनच ओळी होत्या: मुलगी उद्धट आहे. उत्तर बरोबर आहे. शिक्षकास कायम करावे.

गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. मग वर्गाला शेरा मोठ्याने वाचून दाखवला, फक्त पहिली ओळ.