हरणाऱ्याने दोघांचे द्यायचे

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज, खेळायचे माणशी साठ रुपये, आणि हजर आम्ही तिघे: मी, भावाचा कॉलेजातला मुलगा आणि मेहरूणच्या गेमच्या दुकानाचे मालक. मारामारीच्या जुन्या खेळाचा नवा भाग आला होता. शाळेत असताना धुळ्याच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये मी त्याचा पहिला भाग खेळायचे, सगळ्यांत एकटी मुलगी. हरणाऱ्याने दोघांचे द्यायचे, हा तिथला नियम. मी हरले की मुलं म्हणत, "पोरीकडून काय घ्यायचं!" म्हणजे माझा डाव धरलाच नाही. इथे तापलेल्या यंत्रांचा तोच वास होता. "आत्या, बटणं दाखवू का?" भाचा हसला. "आधी तुझी सांभाळ," म्हणत पहिली फेरी मी जिंकले. पुढच्या दोन त्याने घेतल्या आणि दोघांचे पैसे द्यायला खिशात हात घातला. मालकही म्हणाले, "राहू द्या ताई, सणाचा दिवस शे." मी उठले. "भाऊ, मी जिंकले असते तर याच्याकडून घेतलेच असते ना? मग माझ्याकडूनही घ्या." आता भाचा दर सणाला खेळायला बोलावतो, बटणं दाखवत नाही. त्या दिवशीचे एकशेवीस रुपये दुकानमालकांच्या हातात मीच दिले, हरले म्हणून.