सरूआजींना आडवं व्हायचं होतं

मैत्रिणींनो, आज आष्टीजवळच्या वृद्धाश्रमात गेले होते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कूस बदलली की गरगरतं, म्हणून सरूआजी महिनाभर खुर्चीत बसूनच झोपत होत्या. सगळे म्हणायचे, अशक्तपणा.

तपासायला खाटेवर झोपवू लागले, तर त्या ताठरल्या.

"पोरी, पाय दक्षिणेकडं कावून? मला न्यायची लई घाई हाय का?"

मी ओशाळले. खाट फिरवली. मान वळवून आडवं करताच त्यांचे डोळे भिरभिरले. म्हणजे कानाच्या आतले, तोल सांभाळणारे बारीक खडे जागचे सरकले होते. आजींना धरून, सावकाश मान आणि अंग वळवत ते जागेवर आणले. पुन्हा तपासलं, गरगर थांबली होती.

आजींनी उशी ओढली. "आता जा, झोपू दे."

तुमच्या घरी कुणी बसून झोपतं का? आडवं व्हायची भीती वाटते का, एवढं त्यांना विचाराल?