मुलींनी धरून आणलेले पाहुणे

मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होणं हे मी मागून घेतलेलं काम नव्हतं. मी भूगोल शिकवत होते आणि त्यात सुखी होते. पण आधीच्या बाई निवृत्त झाल्या, दुसरं कुणी तयार होईना, आणि एका उन्हाळ्यात आम्ही कोल्हापुरातलं भाड्याचं घर सोडून वसतिगृहाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. माझ्या सासूबाई सामान लावता लावता म्हणाल्या, "दोन मुलं वाढवून दमलीस ना? आता एवढ्या मुली वाढव."

आमच्या विद्यापीठाचा परिसर शहराच्या कडेला, उघड्या माळावर पसरलेला. विभागांच्या इमारती एका टोकाला, वसतिगृह दुसऱ्या टोकाला आणि मधोमध ग्रंथालय. त्यांना जोडणारा रस्ता दिवसा इतका देखणा की लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायची. दोन्ही बाजूंनी गुलमोहर, खाली घाणेरीची गच्च झुडपं. संध्याकाळी मात्र तिथले दिवे मनाला येईल तसे लागायचे. एक लागला तर पुढचे दोन नाहीत.

त्या वर्षी रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावची. घरी चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. आमच्याकडच्या मुली बोलतात तशी तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. तिचं हसू एवढं मोठं होतं की मेसमध्ये ती हसली की माझ्या स्वयंपाकघरात कळायचं आज आमटी बरी झालीय. संध्याकाळी प्रॅक्टिकल संपलं की ती ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसायची आणि कुलूप लावायच्या वेळीच उठायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ते हसू ऐकू येईना. एकदा मी वसतिगृहात चक्कर मारत होते, तर ही इस्त्रीच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तक ठेवून उभ्यानं वाचत होती.

"अभ्यासिका सोडलीस का गं?"

"हितं बरं वाटतंय मॅडम. गार हाय."

थंडीचे दिवस होते. गार कोपरा शोधायची कुणालाच गरज नव्हती. मी रविवारी तिला चहाला घरी बोलावलं. मी मटार सोलत बसले होते, तिनं न सांगता ताट पुढं ओढलं आणि सोलायला लागली. बऱ्याच शेंगा झाल्यावर म्हणाली, "मॅडम, एक माणूस हाय."

मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर ती गप्प झाली असती.

"स्कूटरवरनं येतोय. हेल्मेट घालून. पहिल्या दिवशी त्यानं रस्ता इचारला. मी सांगितला. दुसऱ्या दिवशीबी त्योच रस्ता इचारला. मग मला कळालं. आता इचारत न्हाई, बाजूनं हळूहळू गाडी चालवत बोलत येतोय."

"काय बोलतो?"

ती ताटाकडं बघत राहिली. "त्ये नका इचारू."

"आणि तू इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"सांगून काय हुणार मॅडम? तुम्ही घरी फोन करणार. आण्णा येणार आन ट्रंक उचलणार. माझ्या अक्काचं तसंच झालं की. एसटी स्टँडवर एका पोरानं तिला नावानं हाक मारली. एवढंच. बारावीची परीक्षाबी देऊ दिली न्हाई, लगीन लावलं. त्या पोराला कुणी काय इचारलं न्हाई."

नियम असा होता की असलं काही घडलं की पालकांना कळवायचं. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण समोर बसलेल्या मुलीला त्या नियमाची त्या माणसापेक्षा जास्त भीती वाटत होती. मी कॉलेजला होते तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सायकलवरून एकजण मागं यायचा. मी वर्षभर लांबच्या वाटेनं घरी गेले. आई कौतुकानं सगळ्यांना सांगायची, आमच्या मुलीला चालायची फार हौस.

मी तिला म्हटलं, "तू सज्ञान आहेस. तुला विचारल्याशिवाय घरी फोन करणार नाही. पण मी गप्पही बसणार नाही."

तिचं नाव न घेता मी वसतिगृहातल्या मुलींना विचारलं, तर आणखी काही जणींनी त्या स्कूटरबद्दल सांगितलं. प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या एकटीच्याच मागं लागलाय. नंबर कुणालाच वाचता आला नव्हता, पाटी वाकवलेली होती. मी लेखी कळवलं आणि बैठक बोलावली गेली. कुलसचिव होते, काही प्राध्यापक होते, आमचे सुरक्षा अधिकारी होते. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, मिशीला पीळ असलेले गृहस्थ. मुलींच्या वतीनं एक प्रतिनिधी होती, जयसिंगपूरची, कायद्याला शिकणारी.

चर्चा अपेक्षेप्रमाणे एकाच दिशेनं गेली. मुलींनी अंधार पडायच्या आत वसतिगृहात यावं, फाटक लवकर बंद करावं. एका प्राध्यापकांनी तर फार मायेनं सांगितलं, "आपल्याच मुली आहेत, त्यांच्या काळजीपोटी."

जयसिंगपूरची मुलगी उठली. "सर, त्यो मोकळा फिरणार आन आमास्नी कोंडणार? उद्या त्यो सकाळी याय लागला तर? मग दिवसाबी कुलूप लावणार व्हय?"

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले. मग खाकरून म्हणाले, "साहेब, मुलगी बरोबर बोलते. माझी अर्धी माणसं पुढच्या गेटवर आहेत. तिथं ती काय करतात? गाड्यांना सलाम. ती मी आतल्या रस्त्याला लावतो. सलाम थोडे कमी होतील, चालेल ना?"

चालवून घ्यावंच लागलं. त्या आठवड्यात घाणेरी तोडली गेली, दिवे दुरुस्त झाले. महिला पोलिसांचं पथक दिवसाआड चक्कर मारू लागलं. तक्रार दिली तर तपास नीट करता येईल, असं त्यांनी सांगितलं. पण माझी रसायनशास्त्रवाली तयार होईना. तक्रार म्हटली की घरचा पत्ता आला. मी जोर केला नाही.

मुलींनी मात्र आपला आपण बंदोबस्त केला. प्रॅक्टिकल संपलं की ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर जमायचं, तिथून घोळक्यानं निघायचं, प्रत्येकीच्या गळ्यात शिट्टी. दुचाकीवाल्या मुली पुढं-मागं. पहिले काही दिवस मुलगे चेष्टा करायचे, "पलटण निघाली बघ." मग तेही अंग चोरून बाजूला व्हायला लागले. स्कूटर दिसेनाशी झाली. माझी रसायनशास्त्रवाली मात्र अजून इस्त्रीच्या खोलीतच बसत होती.

अशातच एका संध्याकाळी, नुकते दिवे लागले होते, मी ऑफिसात बसले होते आणि बाहेरून शिट्ट्यांचा कल्लोळ ऐकू आला. मी धावत व्हरांड्यात आले. मुलींच्या घोळक्यात मधोमध एक पन्नाशीचा माणूस. पांढरी टोपी, धोतर, हातात कापडी पिशवी. त्याला पुढं घालून मुली आणत होत्या आणि मागून सुभेदार लगबगीनं येत होते.

जयसिंगपूरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्ये पावणं मघापासनं ग्रंथालयाच्या रस्त्याला झाडाखाली थांबल्यात. आमी इचारलं कुणाकडं आलाय, तर म्हणत्यात कुणाकडं न्हाई, असंच. असंच म्हंजे काय?"

मी त्यांना आत बसवलं. "कुठून आलात?"

"लांबनं."

"काही काम होतं?"

"न्हाई. बघाय आलतो."

"काय बघायला?"

त्यांनी पिशवी जवळ ओढली. सुभेदारांचा आवाज चढला, "अहो, कुणी नातेवाईक आहे का इथं? नाव सांगा."

"पोरीबाळीचं नाव चारचौघांत कशाला घेऊ?" ते हळूच म्हणाले.

तेव्हा मला अंदाज आला. पिशवीत काय आहे विचारलं, तर त्यांनी मुकाट्यानं उघडून दाखवली. तुपाची बरणी, शेंगदाण्याची चटणी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. एवढ्यात गोंगाट ऐकून इस्त्रीच्या खोलीतून माझी रसायनशास्त्रवाली बाहेर आली. दारात उभी राहून तिनं आत पाहिलं.

"आण्णा?"

सगळ्या मुलींचे चेहरे पडले. एकीनं घाईघाईनं शिट्टी ओढणीखाली लपवली.

हळूहळू उलगडा झाला. त्यांच्या गावचा एकजण कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. विद्यापीठात मुलींच्या मागं कुणीतरी लागतंय, एवढं त्याच्या कानावर आलं आणि त्यानं ते गावात पोचवलं. मुलीला न कळवता आण्णा दुपारची एसटी धरून निघाले. तिला विचारलं असतं तर तिनं सगळं ठीक आहे असंच सांगितलं असतं, म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी बघायला.

"पोरीस्नी राखायला हितं कोण हाय का न्हाई, एवढंच बघायचं हुतं," ते म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"हाय की." त्यांनी घोळक्याकडं बोट केलं. "म्हस चुकून दुसऱ्याच्या रानात शिरली की हाकलत आणत्यात, तसं आणलं बगा मला."

आधी सुभेदार हसले, मग आण्णा, मग मुली. सगळी खोली हसत होती. कित्येक दिवसांनी तिचंही हसू मी ऐकलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं.

"आण्णा," ती म्हणाली, "ज्याला धराय पायजे त्यो अजून घावला न्हाई. आन त्यो माझ्याच मागं लागलाय."

मी बाकीच्या मुलींना बाहेर जायला खुणावलं. सुभेदारही निघून गेले. आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कवापासनं?"

"दिवाळीच्या आधीपासनं."

"आन मला सांगितलं न्हाईस?"

"अक्काचं बघितलं न्हवं मी."

त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. पिशवी तिच्या हातात दिली. शहरात त्यांचा मावसभाऊ राहत होता, तिकडं मुक्कामाला जातो म्हणाले आणि निघाले. त्यांची पाठ बघताना मला वाटलं, संपलं हिचं शिक्षण. तिलाही तेच वाटलं असावं. मी तिच्या खोलीत गेले तेव्हा ती पुस्तकं ट्रंकेत भरत होती. मी तिच्या शेजारी पलंगावर बसून राहिले. धीर देण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, आणि खोटा धीर तिला नको होता.

सकाळी आण्णा आले ते व्हरांड्यात न बसता उभेच राहिले. ट्रंकेचा विषय नाही. मला म्हणाले, "मॅडम, पोलीस ठाणं कुठं हाय? तुम्हीबी चला. मला तितलं काय कळत न्हाई."

आम्ही तिघं रिक्षानं गेलो. तक्रार घ्यायला एक तरुण महिला अधिकारी होती, समजूतदार. ती म्हणाली, तो जे बोलला ते जसंच्या तसं सांगावं लागेल. मुलीनं वडिलांकडं पाहिलं आणि मान खाली घातली. तसे आण्णा उठले.

"मी भाईर बसतो. तू समदं सांग. माझ्यापायी काय गाळू नगंस."

ती सांगत असताना मी तिचा हात धरून बसले होते. काचेतून बाहेरच्या बाकावर बसलेल्या आण्णांची नुसती टोपी दिसत होती.

दिव्यांच्या रस्त्यावर घोळका असेपर्यंत तो येणार नाही, हे पोलिसांनी ओळखलं. त्यांच्या सांगण्यावरून मुलींनी काही दिवस पलटण बंद ठेवली आणि साध्या कपड्यातल्या दोन महिला पोलीस पाठीवर सॅक लावून अंतर ठेवून चालत राहिल्या. एके संध्याकाळी स्कूटर आली, एकीच्या बाजूला मंद झाली आणि त्यानं रस्ता विचारला.

"या की, दाखवतो," ती म्हणाली आणि गाडीची चावी काढून घेतली.

हेल्मेटखाली निघाला तो एक साधा दिसणारा, चांगल्या नोकरीतला, बायकामुलांचा माणूस. "नुसती गंमत केली," असं पुनःपुन्हा म्हणत हात जोडत होता. आवाजावरून ओळख पटवायला मुलगी आली तेव्हा आण्णा पुन्हा सोबत आले होते. मला धास्ती होती, हे त्याच्या अंगावर जातील. ते फक्त त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि मला म्हणाले, "ह्याच्यापायी मी पोरगी घरला न्हेणार हुतो व्हय?"

खटला रेंगाळला. ती प्रत्येक तारखेला गेली, एमएस्सी झाल्यावर नोकरीतून रजा काढूनही गेली. शेवटी शिक्षा झाली, फार मोठी नव्हे. तेवढी पुरे वाटली का, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "मी बोलत हुतो तवा त्यो खाली बघत हुता मॅडम. त्ये मला बास हाय."

पण ते नंतरचं. तो पकडला गेल्यावर आलेल्या जूनमध्ये, प्रवेश चालू असताना, एक जीप वसतिगृहापुढं येऊन थांबली. आण्णा पुढच्या सीटवरून उतरले. मागून तीन मुली उतरल्या, नवे कपडे, तेल लावून चापूनचोपून घातलेल्या वेण्या. एक त्यांच्या भावाची, दोन गावातल्या. त्यांचे वडीलही आले होते, जरा बिचकतच.

"मॅडम," आण्णा म्हणाले, "ह्यांस्नी सांगितलंय मी, जागा चांगली हाय. पर येताना आधी फोन करून या, न्हाईतर पोरी धरत्यात."

त्यातल्या एका वडिलांनी काळजीनं मला विचारलं, खरंच धरतात का. मी म्हटलं, हो, धरतात. मग त्यांनी मुलीची ट्रंक उचलून आत ठेवली.