चिंच बघायला येणारा माणूस

आमच्या अंगणातली जुनी, पोकळ चिंच आईच्या खोलीवर कललीय. परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून झाड तपासायला वनरक्षक बीदरहून तिसऱ्यांदा आले. दर वेळी बुंध्यावर टकटक करून कान लावतात आणि म्हणतात, “अजून दम हाय, अण्णा. कामून घाबरायलात?” मीही शूरासारखा हसतो; माझे पाय मात्र अंगणाच्या फाटकाकडे वळलेले असतात.

आज वारा सुटला आणि फांदी करकरली. त्यांनी आधी आपली मोटारसायकल रस्त्यावर नेली. मग माझी नजर चुकवत आईच्या खोलीत गेले. “अक्का, उठा. खाट पलीकडल्या खोलीत घेऊ.” एक बाजू त्यांनी उचलली, दुसरी मी.

खाट टेकल्यावर ते हळूच म्हणाले, “तोडायला सही वरच्या साहेबाची लागतीय. तवर अक्कांना त्या खोलीत झोपवू नका.”