मगरीची पाठवणी

शुक्रवार, १२ डिसेंबर. काम: मोठ्या नणंदेच्या उरलेल्या सगळ्या बाहुल्यांना डोळे लावणे.

माझ्या मोठ्या नणंदेच्या घरात माणूस सोडून सगळ्यांना बसायला जागा आहे. हैदराबादेत, तारनाक्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत सोफ्यावर अस्वलं असतात, खुर्च्यांवर ससे, फ्रिजवर घुबड, आणि पलंगावर तर इतकी गर्दी की वन्सं स्वतः खाली गादी घालून झोपतात. ही सगळी मंडळी लोकरीची, वन्संनी विणलेली. आलेल्या माणसाने एकाला उचलायचं, त्याच्या जागी बसायचं आणि त्याला मांडीवर घ्यायचं, असा तिथला रिवाज आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी असंच चहाला बसवलं होतं, मांडीवर कासव देऊन. पुढच्या खेपेला त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "अम्मा, वो कछुआ कैसा है?"

"सर्दी हुई थी उसको," वन्सं म्हणाल्या. "अब अच्छा है."

त्या थट्टा करत नव्हत्या. वन्सं रेल्वेच्या हिशेब खात्यातून रिटायर झाल्या आहेत आणि त्यांना गंमत म्हणून काही बोलता येत नाही. त्यांच्या प्रत्येक प्राण्याला गाव असतं, नोकरी असते आणि एखादं दुखणं असतं. घुबडाची जन्मभर नाईट ड्यूटी, म्हणून त्याला ॲसिडिटी. हत्तीला उंचीची भीती वाटते, म्हणून तो खालच्या फळीवर. हे मी इतक्या सरळपणे लिहिते आहे, कारण वीस-बावीस वर्षं ऐकून मलाही आता हत्ती वरच्या फळीवर ठेवलेला बघवत नाही.

प्राण्याचं गाव लोकरीवरून ठरतं. वन्सं नवी लोकर कधीच विकत घेत नाहीत. नातेवाइकांचे जुने स्वेटर उसवतात. नांदेडच्या भाच्याच्या स्वेटरचा ससा नांदेडचा, पुण्याच्या मावशींच्या शालीची मांजर पुण्याची आणि त्यामुळे जरा कमी बोलणारी. अडचण अशी की हैदराबादला थंडी जेमतेम महिनाभर पडते. इथे स्वेटर झिजत नाहीत. मग वन्सं वाट बघतात. लग्नात, बारशात, कुठेही कोणी लोकरीचं घालून आलं की आधी त्याची बाही दोन बोटांत धरून बघतात. एका लग्नात नवरदेवाच्या काकांना त्यांनी विचारलं, "हा जुना कधी होणार?" काका बिचारे जेवण होईपर्यंत शाल पांघरून बसले.

उसवलेली लोकर कुरळी निघते. तिची लडी करून धुवावी लागते, आणि लडी करायला समोर कोणीतरी दोन हात पुढे धरून बसावं लागतं. वन्संचे यजमान आता नाहीत, मुलगा कॅनडात. म्हणून त्या स्टूल उलटं करतात आणि त्याच्या पायांभोवती लोकर गुंडाळतात. "स्टूल फार चांगलं," असं वर सांगतात. "हलत नाही, कंटाळत नाही, मधेच फोन घेत नाही."

ह्यांचा, म्हणजे वन्संच्या धाकट्या भावाचा, मरून स्वेटर एका वर्षी कपाटातून नाहीसा झाला. सासूबाईंनी विणलेला होता तो. आम्ही शोधशोध शोधला. चार महिन्यांनी तारनाक्याला गेलो तर दारातच एक मरून मगर बसलेली, आणि शेपटीवर ह्यांनीच एका संक्रांतीला सांडलेल्या चहाचा डाग. हे डागावर बोट फिरवत म्हणाले, "अक्का, ही माझी आहे."

"तुझीच आहे," वन्सं म्हणाल्या. "पण राहते माझ्याकडे."

मला ह्या सगळ्यात एकच काम आहे, ते डोळ्यांचं. सुलतान बाजारातून काळी बटणं आणायची आणि शिवायची. वन्सं कान विणतात, सोंड विणतात, कापूस भरतात आणि तिथे थांबतात. "डोळे लागले की बघायला लागतात गं," त्या म्हणतात. "मग मला काही सुचत नाही. तू लाव. तुला काही वाटत नाही." आमच्या घरात हे माझं सर्वांत मोठं कौतुक समजलं जातं.

ह्या वर्षी माझ्या मुलीने बेंगळुरूत बसून वन्संचं नाव इथल्या एका मोठ्या उत्सवात घातलं. तिथे मुलं आपापल्या मनातली पात्रं काढून आणतात: चित्रं, बाहुल्या, मुखवटे, कोणी अंगावरच चढवून येतं. वन्संना दोन दिवसांसाठी टेबल मिळालं. पण मला त्यांचा पूर्वानुभव होता. याआधी दोनदा त्या हस्तकलेच्या प्रदर्शनात बसल्या आणि दोन्ही वेळा सगळी वरात जशीच्या तशी परत आली, कारण वन्सं विकतच नाहीत, चौकशी करतात. एका गृहस्थाला भाच्यासाठी ससा हवा होता.

"भाचा चावतो का?"

"वर्षाचा आहे हो तो."

"मग चावतोच," म्हणून ससा टेबलाखाली.

तेव्हा शुक्रवारी शेवटचं बटण शिवून मी दोरा दातांनी तोडला आणि सांगून टाकलं, "वन्सं, ह्या वेळी एक जरी परत आली ना, तर पुढच्यांना डोळे मिळणार नाहीत. आणि तुम्ही पलंगावर झोपायचंय."

वन्संनी मगरीकडे पाहिलं. "हौ," म्हणाल्या, पण इतक्या हळू की मला तेव्हाच काळजी वाटली.

उत्सवात वन्सं बावरतील असं मला वाटलं होतं. बावरले मीच. कोणाला पंख, कोणाला शेपूट, एकाला अंगभर पुठ्ठ्याचं चिलखत. वन्संनी चिलखतवाल्याला हाक मारली, "बेटा, बैठते वखत निकालते ना इसको?" आणि चिवडा दिला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, माझा हा ड्रॅगन आगीला घाबरतो. वन्संनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "कबसे?" तोही तितक्याच गंभीरपणे सांगायला लागला. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्यांच्या खात्यातली माणसं भेटली होती.

विक्री मात्र शून्य. एका बाईंना मांजर नाकारली, कारण त्यांच्या घरी एसी फार लावतात. एका जोडप्याला अस्वल नाकारलं, कारण ते आपसात भांडत होते. शनिवार गेला. रविवारी जेवणाची वेळ टळली. मी बटणांची उरलेली पुडी मुद्दाम टेबलावर, त्यांना दिसेल अशी ठेवली.

तेवढ्यात एक मुलगी आली. डोक्यावर दोन शिंगं, निळे केस, पायात साध्या स्लिपर. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि नेमकी मगर उचलली. शेपटीवरचा डाग बघितला आणि म्हणाली, "आंटी, इसने चाय गिराई?"

"इसके भाई ने," वन्सं म्हणाल्या. मग चौकशी सुरू झाली. हॉस्टेलवर राहते, खोलीत दोघी, एसी नाही, चावत नाही. वन्संचे प्रश्न संपत आले तसा त्यांचा हात मगरीच्या पाठीवर घट्ट झाला. मी मान दुसरीकडे वळवली.

मुलगी मगरीचा एक पाय उचलून शिवण बघत होती. "आंटी, इसका पाँव निकल गया तो? फट गई तो मैं क्या करूँ? मेरेकू सिलना नहीं आता."

वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या. मुलीने एवढी साधी गोष्ट विचारावी, याचं त्यांना नवल वाटलं असावं. "तो लेके आओ ना मेरे पास," त्या म्हणाल्या. "माहेर है इसका. संक्रांत को तो वैसे भी लाना."

हे बोलल्या आणि त्यांचा हात मगरीवरून आपोआप निघाला. मी शेजारीच होते, मी पाहिलं.

मग पर्समधून कुंकवाची डबी निघाली. मगरीच्या कपाळावर बोट टेकवलं, मुलीच्या कपाळावरही, शिंगांच्या मधोमध. ओटीला तांदूळ नव्हते, म्हणून वन्संनी चिवड्याची चिमूट मगरीच्या मांडीत घातली. मगरीला मांडी कुठे असते ते मी विचारलं नाही. "तेलाचा डाग पडेल," एवढंच म्हणाले.

"एक आहे, दुसरा पडला तर पडला. मधे बोलू नक्को."

त्यानंतर संध्याकाळपर्यंत रांग लागली. पंखवाले, चिलखतवाले, ड्रॅगनवाला, सगळे कुंकू लावून घेत होते, तारनाक्याचा पत्ता फोनमध्ये उतरवून घेत होते आणि संक्रांतीला पाहुणी आणायचं कबूल करत होते. एसीवाल्या बाई परत आल्या. त्यांना मांजर मिळाली, सोबत पांघरूणही. हत्ती सगळ्यात शेवटी गेला, तळमजल्यावर राहणाऱ्या मुलाकडे.

हे गाडी घेऊन आले तेव्हा आमच्या हातात रिकाम्या पिशव्या होत्या. "मगर कुठाय?"

"सासरी," मी म्हणाले.

हे गाडी चालवायला लागले. सिग्नलला थांबल्यावर समोर बघत म्हणाले, "अक्का, डाग चालला तिला?"

"तिने तोच आधी पाहिला रे."

तारनाक्याचं वळण आलं. वन्संनी मांडीवरच्या पिशव्या एकीत एक घातल्या, परत काढल्या, परत घातल्या. "सरळच घे," त्या भावाला म्हणाल्या. "घरी आत्ता कोणी नाही."

"आमच्याकडे अंबरपेठलाच जायचंय," मी म्हणाले. "भात लावून आलेय मी."

सोमवारी सकाळी उठले तर वन्सं माझ्या आधी उठून, वेणी घालून, हॉलमधल्या खुर्चीत बसल्या होत्या. हात मांडीवर, दोन्ही रिकामे. मी चहा दिला. मग कपाटातून ह्यांचा करडा स्वेटर काढला, कात्रीने बाहीची शिवण कापली आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

वन्संनी बाही दोन बोटांत धरून पाहिली. "अगं, हा जुना कुठे झालाय?"

"ते अजून झोपलेत," मी म्हणाले. "टोक शोधा लवकर."

त्यांनी स्टूल कुठे आहे म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी त्यांच्या समोर खुर्ची ओढली, बसले आणि दोन्ही हात पुढे धरले.